बेरियमचा रंग किरमिजी

चूक माझीच झाली. मुलींनी मला नुसती वही धरायला सांगितलं होतं. प्रश्न त्यांनीच लिहिलेले, समोर उत्तरंही त्यांचीच. मी डावीकडचं वाचायचं आणि उजवीकडचं झाकून ठेवायचं. चष्मा घातलेला कुठलाही माणूस एवढं करू शकतो. पण माझा चष्मा खाली दुकानात राहिला होता, आणि ते कबूल करायचं सोडून मी वही हातभर लांब धरली आणि परीक्षकासारखा घसा खाकरला.

"बेरियम. ज्योतीचा रंग?"

"ॲपल ग्रीन," मुक्ता म्हणाली. मुक्ता माझी मुलगी. सेकंड पीयूला, म्हणजे बारावीला आहे, केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चार दिवसांवर आलेलं.

"चूक. किरमिजी," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग मुक्ता ओरडली, "बाबा! नागेशी करू नको ना! सिंचनाला खरं वाटेल!"

सिंचना म्हणजे तिची मैत्रीण, यंदाच कॉलेजात नवी आलेली. कन्नड बोलणारी. तिच्याशी आमचं सगळं बोलणं कन्नडमध्येच होतं, इथं मी ते मराठीत लिहितोय एवढंच. गेले दोन आठवडे संध्याकाळी आमच्या गच्चीवर दोघी एकमेकींना प्रश्न विचारत बसतात. खाली माझं भिंतींच्या रंगांचं दुकान, मध्ये घर, वर गच्ची. कुवेंपुनगरमधल्या आमच्या रस्त्याला बहुतेकांचा संसार असाच उभा रचलेला आहे.

"नागेशी म्हणजे?" सिंचनानं विचारलं.

"आमच्या घरातला शब्द आहे," मुक्ता म्हणाली. "मुद्दाम चुकीचं उत्तर सांगायचं, तेही अगदी छातीठोक. बाबांचा एक मित्र होता, नागेश. महाबदमाश."

सिंचना इतकी हसली की तिला ठसका लागला. "अय्यो! माझ्या अप्पांचं नावच नागेश!"

मीही हसलो. म्हैसूरच्या कुठल्याही गल्लीत 'नागेश' म्हणून हाक मारा, दोन खिडक्या उघडतात. आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "कुठले गं तुझे अप्पा?"

"इथलेच, अंकल. आधी मंडी मोहल्ला. मग बेंगळूर, मग पुणे. आता बोगादीला घर बांधलंय." आणि काहीतरी गमतीचं आठवल्यासारखी ती पुढं म्हणाली, "अप्पा सांगतात, त्यांच्या घरासमोर रंगाऱ्यांचं घर होतं. गटारातून रोज वेगळ्या रंगाचं पाणी वाहायचं."

मी वही मिटली.

ते पाणी आमचं होतं.

सोमवारी हिरवं, बुधवारी राणी रंगाचं, एखाद्या शनिवारी काळंभोर. दारात रांगोळी घालायला बसलेल्या बायका गटाराकडं बघून सांगायच्या, रंगाऱ्याकडं आज लग्नाचं काम आलंय म्हणून. आमच्या घराण्यात किती पिढ्या कापड रंगवलं ते कुणालाच ठाऊक नाही. अण्णांपर्यंत, म्हणजे माझ्या वडलांपर्यंत, ते पोचलं तेव्हा पुडीतले तयार रंग आले होते, आणि काम उरलं होतं ते साडीला जुळता ब्लाउज, नाहीतर थोडं सूत रंगवून देण्याचं. तरी दोन-तीन म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी अण्णा जुना काळा करायचे. हिरड्याचं पाणी वेगळं, हिराकसाचं वेगळं. दोन्ही पाणी पाहिलं तर कुणाला वाटणार नाही यातून काळं निघेल. कापड एकातून काढून दुसऱ्यात बुडवलं, की डोळ्यांदेखत त्यावर अंधार चढायचा.

हिरड्याचा तुरट वास जिभेच्या मुळाशी बसायचा. हिराकसाचा लोखंडी, पावसात राहिलेल्या खिळ्यासारखा. त्यात ओल्या सुताचा, चुलीच्या धुराचा, आणि जानेवारी-फेब्रुवारीत गल्लीभर सोललेल्या अवरेकाईचा, म्हणजे पावट्याचा. हे सगळं मिळून जे काही व्हायचं त्याला नाव नव्हतं. आता माझ्या दुकानात हजार शेड मिळतात. मशिनचं बटण दाबलं की डबा आपोआप हलतो, रंग आपोआप होतो. पण त्याला वास नाही. जो आहे ती डोकेदुखी.

पत्र्याची शेड होती. तीन चुली, तांब्याची दोन मोठी भांडी, खाली दगडी फरशी. वर बांबूवर पिळलेल्या लड्या टांगलेल्या, आणि त्यातून सगळा दिवस टप टप टप. त्या आवाजाशिवाय मला अभ्यास जमत नसे. अजूनही बाथरूमचा नळ गळायला लागला की मला सोडियमची संयुगं आठवतात. बायको प्लंबरला बोलावते.

आणि एक दोरी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एखादा रंग मनासारखा उतरला, की अण्णा त्यातल्या सुताचा एक झुपका कापून दोरीला बांधून ठेवायचे. वही नाही, आकडे नाहीत. गिऱ्हाईक साडी घेऊन आलं की अण्णा साडीचा काठ हातात धरून दोरीखालून चालत जायचे, आणि एका झुपक्यापाशी थांबायचे. ते चुकलेले मी पाहिले नाहीत.

त्या दोरीखाली मी आणि नागेश केमिस्ट्री शिकलो.

नागेश समोरच्या घरातला, पोस्टात काम करणाऱ्या बापाचा मुलगा. दोघांत मिळून एकच पुस्तक. एक आठवडा त्याच्याकडं, एक माझ्याकडं. ज्वालापरीक्षेचे, म्हणजे कुठल्या धातूनं ज्योत कुठल्या रंगाची होते त्याचे प्रश्न आम्ही पुस्तकातून विचारतच नव्हतो. विचारणाऱ्यानं उडी मारून झुपका ओढायचा, दुसऱ्यानं धातू सांगायचा.

"हा?"

"सोडियम."

"हा जांभळट?"

"पोटॅशियम. सोपं विचार ना लेका, जांभळट काय विचारतोस!"

"विटकरी?"

"कॅल्शियम. तुझ्या घराच्या कौलासारखा."

कायदे दोनच. पहिला, पुस्तक ज्याच्या हातात त्याचं खरं. दुसरा, चुकेल त्यानं त्या दिवशीच्या भांड्यात एक नख बुडवायचं. नखावरचा रंग साबणानं जात नाही, नख वाढून कापलं जाईल तेव्हाच जातो. त्यामुळं कोण किती चुकलं हे गल्लीला दोन-दोन महिने दिसत राहायचं. त्या हिवाळ्यात नागेशची सात नखं रंगली होती. एक राणी, दोन मोरपंखी, बाकीची आठवत नाहीत. माझं एकही नाही. रंगाऱ्याचा पोर आणि नखं कोरी, म्हणून अण्णा मला चिडवायचे.

शेवटचा आठवडा पुस्तक त्याच्याकडं होतं.

प्रॅक्टिकलच्या आदल्या संध्याकाळी त्यानं उडी मारून कोवळा पोपटी झुपका ओढला. दोरी हलली, सगळे रंग हलले.

"बेरियम," मी म्हणालो.

"चूक."

"अरे, हिरवा ना? बेरियमच."

"हिरवा स्ट्राँशियमचा. बेरियम किरमिजी. पुस्तकात बघून सांगतोय." पुस्तक त्यानं छातीशी धरलं होतं.

आमच्या कॉलेजात या दोन क्षारांच्या बाटल्या कधीच रिकाम्या झाल्या होत्या. ज्योत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. दुसऱ्यांदा विचारलं. मी अडखळत बेरियमच म्हणालो. "चूक." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी त्याचं उत्तर दिलं. "शाब्बास," तो म्हणाला. कायदा कायदा होता. त्या दिवशी भांड्यात किरमिजी होता. माझी दोन नखं त्यानं स्वतः बुडवली, बोट हातात धरून, आणि वाळावं म्हणून त्यावर हळूहळू फुंकर घातली. त्याच्या फुंकरीला अवरेकाईच्या उसळीचा वास होता. हे मी विसरायला पाहिजे होतं. बाकी केमिस्ट्री सगळी विसरलो.

दुसऱ्या दिवशी मला आलेला क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरला आणि ती हिरवी झाली. असा हिरवा मी अण्णांच्या दोरीवरही पाहिला नव्हता. केळीचं गुंडाळलेलं पान उलगडताना आतून दिसतो तसा, आणि पुन्हा जिवंत, हलणारा. मी बघतच राहिलो. आणि मग पेपरावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, स्ट्राँशियम. पुढच्या कसोट्या मी उरकल्या. उत्तर आधीच ठाऊक असलं की माणूस कसोट्या उरकतोच.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "ज्योत कसली?"

"हिरवी, सर."

"म्हणजे?"

"स्ट्राँशियम, सर."

त्यांनी माझ्या नखांकडं पाहिलं. "रंगाऱ्याचा का रे तू?" हो म्हणालो. त्यांनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "कुठला रंग आला?"

"हिरवा."

"नीट पाहिलास?"

"हो, अण्णा."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि भांडं घासायला लागले. रंग नीट पाहिला की त्यांच्या लेखी परीक्षा संपली होती. खरं उत्तर मी त्यांना कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्याकडं आलं, पान उघडलं, आणि त्यानंतर नागेश आमच्या शेडमध्ये आला नाही. वर्गात पहिला तो आला. तो बेंगळूरला इंजिनियरिंगला गेला, मी इथंच बीकॉमला. त्यांचं घरही हललं. मग शेडही गेली, दोरीही गेली. कोणत्या वर्षी, कशी, ते मला सांगता येत नाही. एक दिवस गटारातलं पाणी नुसतं पाण्याच्या रंगाचं झालं.

आता सूडाचं सांगतो.

चौतीस वर्षांत मी नागेशला कुठं कुठं गाठलं! रेल्वे स्टेशनवर गाठलं, लग्नाच्या पंगतीत गाठलं, एकदा तर स्वप्नात तो माझ्या दुकानात रंग घ्यायला आला आणि मी त्याच्या दिवाणखान्यासाठी असा पिवळा मिसळून दिला की त्याच्या घरच्यांना कायमची कावीळ झाल्यासारखं वाटावं. प्रत्यक्षात तो भेटला नाही, म्हणून मी त्याची गोष्ट केली. आमच्यात बारसं, मुंज, साखरपुडा, काहीही असो, जेवणं झाली की कुणीतरी म्हणायचं, "मामा, नागेशची सांगा." मी सांगायचो. दरवेळी तो थोडा अधिक नीच व्हायचा. एका मुंजीत मी त्याला मिशी दिली. सतराव्या वर्षी! पुढच्या एका लग्नात तो डोळे बारीक करून हसायला लागला. पोरं मोठी झाली, पत्त्यांत कुणी खोटं बोललं की 'नागेशी' म्हणायला लागली. माझ्या माघारीही हा शब्द राहील याची मला खात्री होती. अशी अद्दल इतर कुणी कुणाला घडवली नसेल, असं मला वाटायचं.

आणि आता त्याची मुलगी माझ्या गच्चीवर बसून तो शब्द वापरत होती.

त्यानंतरचे दोन दिवस मी फार आनंदात होतो, हे लपवत नाही. सिंचना 'ए, नागेशी नको हं!' म्हणाली की माझ्या पोटात गोड व्हायचं. गिऱ्हाइकांना मी जास्तीचे ब्रश दिले. मी सगळं ठरवलं होतं. नागेश रोज सातला मुलीला न्यायला यायचा, पण गाडीतूनच हॉर्न द्यायचा. त्याला वर बोलवायचं. कॉफी द्यायची. मुलींच्या समोर गोष्ट सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्या तोंडावर. तो ओळख दाखवणार नाही, हे मला ठाऊक होतं. मग सिंचना विचारणार, पुढं त्या नागेशचं काय झालं? आणि मी सावकाश म्हणणार, "ते तुझ्या अप्पांनाच विचार, पुट्टी."

हे वाक्य मी दुकानात आरशासमोर म्हणून पाहिलं. 'पुट्टी'वर, म्हणजे कन्नडमधल्या 'बाळ'वर, किती वेळ थांबायचं तेसुद्धा.

बायकोला फक्त एवढंच सांगितलं, की सिंचनाचे वडील येतायत, कॉफी चांगली कर. ती सांगलीची, लग्न होऊन म्हैसूरला आली. इथली कॉफी आता माझ्यापेक्षा चांगली करते. तिनं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुम्ही इस्त्रीचा शर्ट का घातलाय?"

तो आला. दोन जिने चढून, गुडघ्यावर हात ठेवून, वरच्या पायरीवर दम खात उभा राहिला. टक्कल. मिशी नाही. डोळेही बारीक नाहीत. वापरून मऊ झालेल्या चपला त्यानं बाहेर नीट जोडीनं काढून ठेवल्या. "नमस्कार," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता. मनात म्हटलं, बघ हां, ओळख दाखवत नाही.

कॉफी आली. मुक्ताच म्हणाली, "बाबा, सिंचनाला नागेशची गोष्ट सांग ना. नुसता शब्द ठाऊक आहे तिला."

मी सांगितली. अहो, काय सांगितली! इतक्या वर्षांत इतकी चांगली कधी सांगितली नव्हती. हिरड्याचा वास आणला, दोरी हलवली, तीनदा विचारलेला प्रश्न तीन आवाजांत विचारला. मिशी तेवढी गाळली. फुंकर घातली तो भाग सांगताना मी त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हातातल्या पेल्यावर साय धरली होती. एक घोटही घेतला नव्हता. मला वाटलं, हा क्षण इथंच थांबावा, आता माझ्या आयुष्यात आणखी काही झालं नाही तरी चालेल.

"छी! असा कसा माणूस!" सिंचना म्हणाली. "मग अंकल, त्या नागेशचं पुढं काय झालं?"

मी पाठ ताठ केली. चष्मा सारखा केला. तोंड उघडलं.

"तो मीच," नागेश म्हणाला.

"खरं आहे सगळं," तो मुलीला म्हणाला. "पुस्तक माझ्या हातात होतं, पान समोर होतं. याचं उत्तर बरोबर होतं. मी चूक म्हणालो. तीनदा. तिसऱ्यांदा तरी थांबायला पाहिजे होतं." मग माझ्याकडं वळला. "तुझा एकही रंग चुकत नव्हता ना रे. माझी सात नखं घेऊन मी घरी जायचो, अप्पा सगळ्यांसमोर मोजायचे. इथं पहिल्या दिवशी मुलीला सोडायला आलो तेव्हा दुकानाच्या पाटीवर तुझं नाव वाचलं. म्हणून गाडीतून उतरत नव्हतो. आज बोलावलंस, तेव्हा कळलं कशाला ते." त्यानं पेला खाली ठेवला. "सॉरी, मगा."

मगा! कन्नडमधला 'लेका'. लहानपणी आम्ही एकमेकांना असंच म्हणायचो. अरे, पण हे बोलायचं माझ्या वाट्याचं होतं! तो नाही म्हणणार, चाचरणार, घाम पुसणार, याची मी चौतीस वर्षं तयारी केली होती. हो म्हणाला तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मला एकच वाक्य सुचलं.

"कॉफी गार झाली असेल. दुसरी सांगू?"

"सांग," तो म्हणाला.

सिंचनाचे डोळे भरले होते. "अप्पा, तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत," ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला बिलगली. मुक्ता, माझी स्वतःची मुलगी, त्याच्याकडं असं बघत होती की तसं माझ्याकडं तिनं कधी पाहिलं नाही. "ग्रेट आहात हं, अंकल," म्हणाली. दुसरी कॉफी त्यानं शेवटपर्यंत प्यायली. जाताना कठड्याला धरून म्हणाला, "बोगादीच्या घराला अजून रंग काढायचाय. येशील बघायला?" मी येईन म्हणालो. दुसरं काय म्हणणार? गाडी वळेपर्यंत मी वरून बघत होतो, आणि मला एवढंच वाटत होतं, की इथंही पहिला तोच आला.

मुली अभ्यासाला बसल्या. मी खाली स्वयंपाकघरात गेलो. बायको पेले विसळत होती. ती कॉफी घेऊन वर आली होती, ती तिथंच जिन्यापाशी उभी राहिली होती; सगळं तिनं ऐकलं होतं. मी शेजारी उभा राहिलो. ती सांत्वनाचं काहीतरी बोलेल असं वाटलं. निदान मी बरोबर होतो, एवढं तरी.

तिनं उरलेले पेले विसळले. मग पेला पालथा घालून म्हणाली, "एक सांगू? लग्न झाल्यापासून मला वाटत होतं, हा नागेश कुणी नाहीच. प्रॅक्टिकलला मार्क कमी पडले, म्हणून तुम्ही तो तयार केलाय."